ज्याची चिठ्ठी त्यानेच टाकायची

नलिनीताई दळवी यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला न भेटताच परत पाठवले म्हणून. जव्हारजवळच्या हिरडा कारखान्यात मी गोदामाचा कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. बारावी झालो होतो, तेवढ्यावर अंगात वारे भरले होते. कामगार संघटनेचा सभासद व्हायचे म्हणून अर्ज लिहिला आणि उन्हातून चालायचा कंटाळा म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या हाती धाडला. जेवणाच्या सुट्टीत मित्र तो अर्ज तसाच घेऊन आला. "ताई म्हणतात, ज्याला सभासद व्हायचंय त्यानं स्वतः यायचं. आज तुझ्या वतीनं मी आलो, तर उद्या तुझ्या वतीनं संपावरही मीच बसायचं का, असं विचारतायत."

मला राग आला, आणि त्याच रागात मी गेलो. तोलाई विभागात लोखंडी काट्याशेजारी एक उंच, सडसडीत बाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, आवाज असा की भोंग्याची गरज पडू नये. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "आलास? बस. आता हा अर्ज मोठ्याने वाच. काय कबूल करतोयस ते तुझ्या कानांना कळू दे." मी वाचला. हिरडा निवडणाऱ्या बायका काम थांबवून ऐकत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. संघटनेचा सभासद मी असा झालो.

ताईंचे पुढचे सगळे मोठेपण त्या काट्याशीच सुरू होते, असे मला आज वाटते. जंगलातून हिरडा गोळा करून आणणारी माणसे पाट्या घेऊन यायची. गर्दी असली की एकजणच सगळ्यांच्या पाट्या काट्यावर ठेवायचा आणि बाकीचे लांब सावलीला बसायचे. ताईंनी ते बंद केले. ज्याची पाटी त्याने काट्यावर ठेवायची आणि काटा थांबेपर्यंत तिथून हलायचे नाही. म्हाताऱ्या बायका कुरकुरायच्या, "ताई, तुमच्यावर आमचा विश्वास हाय ना." ताईंचे उत्तर ठरलेले असे. "माझ्यावर कशाला ठेवता? काटा समोर आहे, तो बघा." कंपनीला त्यांचा हा खाक्या आवडत नसे आणि हिरडा आणणाऱ्यांनाही आवडत नसे. पण त्या तोलाईवर असेपर्यंत वजनावरून भांडण झालेले मी पाहिले नाही.

संघटनेच्या त्या चिटणीस होत्या. आमच्या संघटनेला ठाण्याच्या औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळाली होती, आणि ती मिळवताना ताईंनी घातलेल्या खेपा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मान्यता मिळाली की कंपनीला आपल्याशीच बोलावे लागते, एवढेच आम्हाला ठाऊक होते. मान्यतेबरोबर बंधनही येते, हे ताईंनी आम्हाला शिकवले. मान्यताप्राप्त संघटनेला मनात आले की संप करता येत नाही. आधी सभासदांचे मत घ्यावे लागते. संपाच्या बाजूने बहुमत लागते, आणि तेही मत द्यायला आलेल्यांचे नव्हे, एकूण सभासदांचे. म्हणजे जो आला नाही, तो विरोधातच मोजायचा. बहुमत मिळाले तरच नोटीस द्यायची, आणि नोटिशीनंतर दोन आठवडे थांबायचे. यातली एक पायरी चुकली की संप बेकायदेशीर. मग कंपनी कामगारांना घरी बसवायला मोकळी, आणि संघटनेची मान्यताही जायची. हे सगळे ताई द्वारसभेत चुलीवरची भाकरी कशी थापायची हे सांगावे इतक्या सहज सांगत. आम्ही माना डोलवायचो. खरे कळले ते पुढे.

नव्वदच्या दशकातल्या एका वैशाखात माझी थोरली बहीण देवकी हिचा उजवा हात हिरडा भरडण्याच्या यंत्रात सापडला. घरात आम्ही तिला बाय म्हणतो. माहेर आमचे साखरशेत, आणि तिला दाभोशाला दिलेली. निवडणीत काम करायची. त्या यंत्राला जाळी बसवा, अशी मागणी संघटनेने केव्हाच केली होती. जाळी बसली नाही आणि बायची दोन बोटे गेली. ताई तोलाई सोडून धावल्या, स्वतःचा पदर फाडून हात बांधला, आणि जीप करून तिला नाशिकला घेऊन गेल्या. मी मागे बसलो होतो. घाटात बाय सारखी एकच गोष्ट बोलत होती, "ताई, तुमची साडी गेली." ताईंनी तिचे डोके आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पाहिले, आणि नंतर कधीही नाही.

हात बरा झाला. बाय कामावर गेली, तर तिला फाटकातूनच परत पाठवले. चूक तिचीच होती, आणि आता तिच्या हातून निवडणी होणार नाही, असे कंपनीचे म्हणणे. ताईंनी पत्रे लिहिली, ठाण्याला कामगार अधिकाऱ्यांपुढे बैठका झाल्या, चहा झाले, पुढच्या तारखा झाल्या. कंपनी जाळीही बसवीना आणि बायलाही घेईना. शेवटी सभेत संपाचे नाव निघाले आणि सगळ्यांनी हात वर केले. मी तर दोन्ही केले. ताईंनी ते हात बघितले आणि म्हणाल्या, "छान. खाली घ्या. आता मतदान घेऊ."

बहुतेकांना लिहायला-वाचायला येत नव्हते. म्हणून चिठ्ठीवर दोन चित्रे काढली. बंद फाटक म्हणजे संप, उघडे फाटक म्हणजे संप नको. हवे त्या चित्रावर फुली करायची. पाडे लांब, जीप मिळेल तेव्हा मिळायची, म्हणून चिठ्ठ्या आधी वाटल्या आणि बाजाराच्या दिवशी त्या जव्हारला आणून डब्यात टाकायच्या, असे कार्यकारिणीत ठरले. ताईंना हे रुचले नव्हते. "चिठ्ठी घरी गेली की ती घरची होते," असे त्या म्हणाल्या होत्या. पण कापणी तोंडावर आली होती आणि वेळ नव्हता.

मोजणीला सगळे जमलो. डबा उघडला. संप, संप, संप. एकही उघडे फाटक नाही. टाळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात ताईंच्या हाती चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा लागला. पत्रावळी रचतात तशा एकात एक घातलेल्या, एकाच घडीच्या, फुल्याही एकाच हाताच्या. त्यांनी तो वर धरला. "हा कोणी टाकला?"

जानूबाबा उभे राहिले. कारखान्याच्या बॉयलरवरचा सर्वांत जुना माणूस, आणि दाभोशाच्या पाड्यावरचे मानाचे म्हातारे. लपवायचे काहीच नव्हते, उलट त्यांचा चेहरा फुललेला. "मी टाकला. आमच्या पाड्याचा हाय. समदे बसलो, बोललो, आन एकदा ठरला म्हंजे ठरला. मंग माणसामाणसानी इथवर यायचा कशाला? समद्यांच्या चिठ्या मीच आणल्या."

आमच्याकडे असेच असते. पाड्याचा विचार एक, आणि तो मोठ्या माणसाने बाहेर सांगायचा. त्यात कोणाला फसवावे असा हेतू नसतो. कंपनीचा माणूस तिथे नव्हता. ताईंनी तो गठ्ठा उलगडून बाकीच्यांत मिसळला असता तर कोणाचा बापही काही बोलला नसता. ताईंनी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा डब्यात भरल्या, झाकण लावले आणि म्हणाल्या, "हे मतदान रद्द. मी तसं लिहून ठेवते. पुन्हा घेऊ."

गलका झाला. त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता, कारण बोटे माझ्या बहिणीची गेली होती. कापणी लागली की अर्धे लोक शेतावर जाणार, मत द्यायला येणार नाहीत, आणि न येणारा विरोधात धरला जाणार, हे मीच त्यांना ऐकवले. जे त्यांनी मला शिकवले तेच मी त्यांच्यावर फेकले. ताई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. ठराव पडेलही." मग डबा काखेत घेत म्हणाल्या, "पण कोर्टात विचारलं की ही फुली कोणाची, तर काय सांगू? पाड्याची? पाडा सभासद नाही रे. माणसं आहेत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तरी या बाईंपुढे मान वर होईना. हातातला विजय इतक्या निमूटपणे खाली ठेवणारे माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

जानूबाबांना मात्र ते जिव्हारी लागले. भर सभेत आपल्याला खोटे पाडले, असे मानून त्यांनी संघटनेचे नाव टाकले. तीन-चार दिवसांनी ताई मला म्हणाल्या, "चल, दाभोशाला जायचंय." मला वाटले समजूत घालायला. जानूबाबा ओटीवर बसले होते, बसा म्हणाले नाहीत. ताई खालीच बसल्या. म्हातारीने नाचणीची भाकर आणि चटणी पुढे ठेवली, ती सगळी खाल्ली, पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "बाबा, तुमची पद्धत मला सांगा. मला ती नीट समजून घ्यायची आहे."

जानूबाबा म्हणाले, "तुमच्यात पन्नास हो आन चाळीस नाय, तं चाळीसवाले हरले. आमच्यात येक जरी नाय म्हनला तरी आमी उठत नाय. पुन्ना बसतो, पुन्ना बोलतो. कोनी हरला नाय पायजे."

"ही तर कायद्यापेक्षा मोठी गोष्ट आहे," ताई म्हणाल्या. त्या कधी कोणाला बरे वाटावे म्हणून बोलत नाहीत, हे जानूबाबांना ठाऊक होते. "मग या वेळी सगळे बसलात तेव्हा देवकी काय म्हणाली?"

"देवकी?" जानूबाबा म्हणाले. "तिच्यासाठी तं समदा संप हाय."

"हो. पण ती काय म्हणाली?"

जानूबाबांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. बैठकीला बाप्ये बसले होते, बाया चुलीपाशी होत्या. बायची चिठ्ठी त्या गठ्ठ्यात होती आणि त्यावरची फुली जानूबाबांची होती. तिला कोणीच विचारले नव्हते. तिच्या घरच्यांनी नाही, पाड्याने नाही, आणि साखरशेतहून उठून संपासाठी ओरडत फिरणाऱ्या भावानेही नाही.

निघताना ताई म्हणाल्या, "बाबा, पुढच्या मतदानाला दारावर कोणीतरी हवंय. एकावेळी एकच माणूस आत जाईल, नवऱ्याबरोबर बायको नाही, सासूबरोबर सून नाही. हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार? तुमचं सगळे ऐकतात." जानूबाबा "तिच्यायला!" म्हणाले, आणि हसले. म्हातारीने ताईंच्या पिशवीत नाचणीचे पीठ बांधून दिले.

दुसरे मतदान आम्ही डबा घेऊन गावोगाव फिरून घेतले. जव्हारला फाटकाशी, मग साखरशेतला, दाभोशाला, तिथून मोखाड्याकडच्या दोन-तीन पाड्यांवर. चिठ्ठी तिथेच द्यायची आणि तिथेच टाकून घ्यायची. प्रत्येक ठिकाणी ताई डबा उघडून उलटा करीत, त्याच्या बुडावर बोटांनी टकटक वाजवीत आणि म्हणत, "ऐका. रिकामा आहे." मग भाताच्या खळीने कागद चिकटवून झाकण बंद. कापणीतून माणसे हातात विळे घेऊन यायची, अंगाला भाताचा भुसा, आणि विळा दाराशी ठेवून आत जायची. दारावर जानूबाबा. एक सासरा सुनेच्या मागोमाग आत शिरू लागला, त्याला त्यांनी काठी आडवी लावली. "तिची तिला टाकू दे. तू तुझी टाक." तो म्हणाला, "तिला काय समजतं?" जानूबाबा म्हणाले, "मला तरी काय समजला होता? थांब भाईर."

बाय दाभोशाला आत गेली. डाव्या हातात चिठ्ठी होती. बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराकडे बघत होतो, तर ताईंनी मला हाताला धरून झाडाखाली नेले आणि पाणी आणायला पाठवले.

मोजणीत या वेळी उघडी फाटकेही निघाली. थोडीथोडकी नव्हेत. पहिल्या वेळी एकही निघाले नव्हते, म्हणजे ही माणसे तेव्हाही होती, फक्त त्यांना कोणी ऐकले नव्हते. न आलेल्यांना विरोधात धरूनही आम्ही काठावर पार झालो, इतके काठावर की ताईंनी पुन्हा मोजायला लावले. मग त्यांनी दोन्ही आकडे एकाच आवाजात वाचून दाखवले आणि म्हणाल्या, "संप होईल. ज्यांनी नको म्हटलं त्यांना कोणी टोमणा मारायचा नाही. ते कोण, हे कोणी शोधायचं नाही. मीसुद्धा नाही."

नोटीस गेली. अपेक्षेप्रमाणे कंपनी ठाण्याच्या कामगार न्यायालयात गेली, की होणारा संप बेकायदेशीर ठरवावा. कुठूनतरी त्यांना गठ्ठ्याची बातमी लागली होती आणि तेच त्यांचे हत्यार होते. ताईंनी पहिले मतदान रद्द केल्याची, नोटिशीच्या आधीच्या तारखेची नोंद पुढे ठेवली. साक्षीला जानूबाबा होते. आयुष्यात पहिल्यांदा ठाणे पाहत होते, पण गडबडले नाहीत. गठ्ठा आपणच टाकला होता, हे त्यांनी सरळ सांगितले. आणि तो का चालला नाही, हेही सांगितले. शेवटी कंपनीच्या वकिलाने डिवचले, "मग दुसऱ्या वेळी तुम्ही कोणत्या चित्रावर फुली केलीत?" जानूबाबा म्हणाले, "सायेब, ता माझा हाय. घरवालीला नाय सांगितला, तं तुमाला काय सांगू?" न्यायाधीशही हसले. पण त्या एका उत्तरात मतदान गुप्त होते, हे सिद्ध झाले. कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. परतीच्या एसटीत जानूबाबा झोपले, आणि ताई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. हात वर करणाऱ्या गर्दीच्या जोरावर आम्ही ज्या गोष्टीसाठी नाचत होतो, ती या बाईंनी एका माणसाची एक चिठ्ठी जपून मिळवली होती. मला त्यांच्याबद्दल जे वाटले त्याला आदर म्हणणे कमी पडेल. भीतीच्या जवळचे काहीतरी होते ते.

संप झाला. नको म्हणणारेही फाटकाशी बसले, कोण कोणता ते आजही कळलेले नाही. यंत्राला जाळी बसली आणि बाय परत कामावर आली. निवडणीऐवजी तोलाईवर, ताईंच्या हाताखाली. डाव्या हाताने काट्याची नोंद करायला ताईंनीच तिला शिकवले. पहिली अक्षरे पाहून म्हणाल्या, "कोंबडी नाचली वाटतं," आणि पुन्हा लिहायला लावले. पुढे ताई निवृत्त झाल्या तेव्हा त्या काट्याशी बाय उभी राहिली, आणि संघटनेची चिटणीसगिरी माझ्याकडे आली. दर निवडणुकीला मी डबा उलटा करून वाजवतो. ताईंसारखा वाजत नाही.

ताईंच्या कौतुकाने हा षष्ट्यब्दीचा गौरवग्रंथ भरेल, म्हणून त्यांच्या खोडीही कुठेतरी नोंदवल्या पाहिजेत. त्या चहात इतकी साखर घालतात की चमचा उभा राहावा. सभा वेळेवर सुरू झाली नाही तर एकट्याच अध्यक्षांच्या खुर्चीकडे बघून विषयपत्रिका वाचू लागतात. षष्ट्यब्दी समिती त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी आधी विचारले, "हा सत्कार करायचा ठराव कोणी मांडला? विरोधात कोण होतं?" कोणीच नव्हते, एकमताने ठरले, असे आम्ही अभिमानाने सांगितले. ताईंनी कपाळाला हात लावला. "एकमत म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पुन्हा विचारा सगळ्यांना, एकेकाला." आम्ही खरोखर विचारले. एकटे जानूबाबा म्हणाले, ताईंना हारतुरे आवडत नाहीत, सत्कार करू नका. ते ऐकून ताई खूश झाल्या आणि मग हो म्हणाल्या.

या लेखासाठी मी बायला पुन्हा एकदा विचारले. आता इतकी वर्षे झाली, संघटना आहे, कारखाना आहे, तुझी नोकरीही सुखरूप आहे. आता तरी सांग, त्या दिवशी आत काय केलेस? फुली कोणत्या फाटकावर? मला कित्येकदा वाटून गेले आहे की तिने संप नकोच म्हटले असेल. हात बरा होत असताना एकदा ती म्हणाली होती, "माझ्या दोन बोटांसाठी किती चुली थंड करायच्या?" पण संपात फाटकाशी सर्वांत आधी येऊन बसायची तीही तीच. मला काही उलगडत नाही.

बाय काट्याची नोंद लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई शंभर वर्सांच्या झाल्या की सांगन."

म्हणून ताईंना दीर्घायुष्य चिंतताना माझा त्यात उघड स्वार्थ आहे, हे मी सर्वांसमोर कबूल करतो. ताईंनी खणखणीत आवाजात आणि निरोगी पायांनी शंभरी गाठावी, जव्हारच्या बाजारात ताठ चालत यावे, आणि आम्हाला रागे भरायची त्यांची सवय सुटू नये. त्या दिवशी मी बायला घेऊन त्यांच्या दारात जाईन आणि आता सांग म्हणेन. आणि मला पक्के ठाऊक आहे, बायने तोंड उघडले की ताई हात वर करून तिला थांबवतील, आणि पाणी आणायला मला पाठवतील.